तक्त्याखालचं नाव



आज वावरातला फोटो नाही. तूर शेंगा भरायच्या टप्प्यात आहे, हरभरा एकदा कोळपून झालाय, गव्हाला दुसरं पाणी चालू आहे. लाईट रात्रीची आहे, म्हणून मोटार चालू करून गोठ्यात बसून हे टाइप करतोय. जरा लांब होणार आहे. ज्याला घाई आहे त्यानं उद्या वाचावं.

झालं असं, की मागच्या आठवड्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोराचा मेसेज आला. "काका, तुमचा पावसाचा तक्ता आमच्या इथल्या खत-बियाण्याच्या दुकानात भिंतीवर लावलाय. खाली दुकानाचं नाव अन् मोबाईल नंबर छापलाय. तुमचं नाव कापलंय." सोबत फोटो. बघितलं तर खरंच आपलाच तक्ता. १९८१ पासूनचा जून-जुलैचा पाऊस, मी केलेले तेच निळे खांब, अन् "जुलै" लिहिताना माझ्याकडून राहिलेली तीच चूक.

मला राग आला. रात्री दहा वाजता दुकानदाराला फोन लावायला निघालो होतो. नंबर काढला, अन् मग आपला मूळ तक्ता उघडून बघितला, की आपण नक्की काय लिहिलं होतं खाली. तर काय लिहिलं होतं? "आमच्या गावचा पाऊस" अन् आपल्या पेजचं नाव. बस.

आता सांगा, १९८१ साली मी दहा-बारा वर्षांचा होतो. शाळा सुटली की म्हशीमागं. मी काय पाऊस मोजत होतो व्हय? मग ते आकडे आले कुठून? ते मी पण कुठं लिहिलं नव्हतं. दुकानदारानं माझं नाव कापलं, त्याच्या आधी मी दुसऱ्याचं कापलं होतं. फोन काही केला नाही त्या रात्री.

आता पहिल्यापासून सांगतो.

माझ्या गोठ्याजवळ खांबावर प्लास्टिकचं पर्जन्यमापक आहे, जुन्या वाचकांना माहीत आहे. त्याच्या नोंदी वहीत आहेत, पण त्या काही चाळीस वर्षांच्या नाहीत. माझी पुतणी कृषी महाविद्यालयात शिकायला गेली, तिनं दिवाळीच्या सुट्टीत मला नासाची पॉवर नावाची वेबसाइट दाखवली. नासा म्हणजे तेच, चंद्रावर माणूस पाठवलेले. त्यांच्या अमेरिकेतल्या लँगली केंद्रात हे काम चालतं. नकाशावर आपल्या वावरावर बोट ठेवायचं, तारखा टाकायच्या, अन् १९८१ पासून रोजचा पाऊस, तापमान, वारा, हवेतला ओलावा सगळं फाईलमध्ये उतरतं. एक रुपया नाही. लॉगिन नाही. मी दहावी पास माणूस, इंग्रजी जेमतेम, पण आकडा तर वाचता येतो. त्या रात्री आम्ही दोघं एक वाजेपर्यंत जागलो. माझ्या लग्नाच्या दिवशी पाऊस होता का ते पण काढलं. (होता. मंडप गळाला होता ते मला पावरशिवाय पण आठवतं.)

मग काय, तक्त्यावर तक्ते. पेजवर टाकायचो. लोक म्हणायचे, "काका, केवढा अभ्यास." मी गप बसायचो. गप बसायला काही लागत नाही.

पण एक गोष्ट मला खटकायची. माझ्या मापकात १८ मिलिमीटर भरलेला दिवस, पॉवरवर ५ दाखवायचा. मी कोरडा असलेल्या दिवशी त्यांच्याकडं पाऊस. मी म्हणायचो, उपग्रहाची चूक. पुतणी म्हणाली, "काका, तो उपग्रहानं मोजलेला पाऊसच नाही. खाली काय लिहिलंय ते वाचा ना."

खाली लिहिलेलं होतं, फक्त इंग्रजीत अन् बारीक. तिनं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ते आकडे मेर्रा-२ नावाच्या कामातून येतात. नासाच्याच गोडार्ड केंद्रातल्या लोकांनी संगणकात एक अख्खं वातावरण उभं केलंय. हवा कशी फिरते, वाफ कुठं जाते, ढग कधी गळतात, हे सगळं गणितानं चालतं. मग त्या गणिताला जगभरातल्या खऱ्या नोंदी दाखवून सारखं ताळ्यावर आणतात. उपग्रह, जहाजं, विमानं, अन् हवामान खात्यांनी रोज सोडलेले फुगे. म्हणजे आपल्या भारताच्या हवामान खात्यातल्या कुण्या माणसानं पहाटे सोडलेला फुगा पण त्यात असतो. गणित अन् मोजणी यांचा सांधा आहे तो. निव्वळ मोजणी नाही.

अन् दुसरं, तो संगणक जगाला चौकटी पाडून बघतो. एक चौकट अर्धा अंश उभी, पाऊण अंशाला थोडी कमी आडवी. आपल्याकडं हिशेब केला तर साधारण ५५ किलोमीटर बाय ६५ किलोमीटर. मी जिंतूर तालुक्यातला. तर जिंतूर अन् औंढा नागनाथ एकाच चौकटीत बसतात. त्या अख्ख्या पट्ट्याला एकच पाऊस! अन् आपल्याकडं तर बैलाच्या एका शिंगावर पाऊस अन् दुसरं कोरडं.

मग "आमच्या गावचा पाऊस" हे मी लिहिलेलं काय होतं? खोटं होतं. आकडा खोटा नव्हता. त्याच्यावर मी जे नाव टाकलं ते खोटं होतं. तो आमच्या चौकटीचा पाऊस होता, अन् तो पण हिशेबानं काढलेला. हे मी मेर्रा-२ चं नाव खाली टाकलं असतं, तर कुणी तरी जाणकारानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. नावच नाही, तर सांगणार कोण?

हे सगळं कळूनसुद्धा मी सुधारलो नाही. सुधारायला २०२३ चा ऑगस्ट लागला.

तो ऑगस्ट ज्यांनी वावरात काढला त्यांना वेगळं सांगायला नको. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत देशभरातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. आमच्याकडं पेरण्याच उशिरा झालेल्या, जुलैत पिकं चांगली उठली, अन् ऐन फुलोऱ्यात आभाळ कोरडं पडलं. सोयाबीन दुपारी माना टाकायचं, संध्याकाळी उठायचं.

त्या वेळी माझ्या लॅपटॉपवर पुतणीनं अजून एक सॉफ्टवेअर टाकून दिलेलं होतं. क्रॉपवॅट. रोमला जी अन्न अन् शेतीची जागतिक संघटना आहे ना, एफएओ, तिचं. हे पण फुकट. त्यात हवामान भरायचं, पीक भरायचं, पेरणीची तारीख अन् जमीन भरायची. मग ते सांगतं, मुळांजवळचं पाणी कधीपर्यंत पुरेल अन् पिकाला ताण कधी बसेल. ४ ऑगस्टला मी पुढं पाऊस शून्य धरून ते चालवलं. जमीन भरली काळी, जड, खोल. कारण माझी तशीच आहे. उत्तर आलं, २० ऑगस्टच्या आसपास ताण सुरू.

मी तक्ता पेजवर अन् गावच्या ग्रुपवर टाकला. वर ठळक अक्षरात: "सोयाबीनला २० तारखेपर्यंत पाण्याची घाई नको." खाली माझं नाव. सॉफ्टवेअरचं नाव नाही, हवामान कुठलं ते नाही, जमीन कुठली ते नाही.

आमचे एक अण्णा आहेत. नात्यानं लांबचे भाऊ, वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांचं वावर माळावर, माझ्यापासून तीन किलोमीटर. वर दीड फूट माती, खाली मुरूम. विहीर भावकीत, चार दिवसांनी पाळी, अन् त्या साली पाळीला दीड-दोन तासच पाणी टिकायचं. त्यांच्याकडं तीन एकर सोयाबीन अन् वीस गुंठे हळद. त्यांनी माझा तक्ता बघितला अन् पाणी हळदीला दिलं. सोयाबीनला २० तारखेपर्यंत घाई नाही, असं आपल्याच माणसानं लिहिलंय ना! २१ ला स्प्रिंकलर लावले. तोवर फूल गळून गेलं होतं. ज्या शेंगा लागल्या त्या पापडीसारख्या चपट्या. मला एकरी सहा क्विंटलच्या वर उतारा पडला, त्यांना दोन पण नाही. त्यांच्या पोराची डिप्लोमाची फी त्या सोयाबीनवर होती. हळद गहाण टाकल्यासारखी आधीच व्यापाऱ्याला बोलून ठेवावी लागली.

मला कळलं दिवाळीत. तेही त्यांच्याकडून नाही, वहिनींकडून. मी गेलो त्यांच्याकडं. अण्णा चिडले नाहीत. चहा दिला. मी म्हटलं, "अण्णा, तुमची जमीन मुरमाड आहे, तुम्हाला कळायला नको का?" (बघा, अजून पण माझाच तोरा.) ते म्हणाले, "मला माझी जमीन ठावंय रे. तुझ्या कागदाला कुठली जमीन ठावं होती, ते कागदावर नव्हतं."

घरी आलो अन् वहीत हिशेब मांडला. तुम्ही पण मांडून बघा, अवघड नाही. एफएओचं ५६ नंबरचं पुस्तक आहे, १९९८ चं, ऍलन, परेरा, रेस अन् स्मिथ या चौघांचं. क्रॉपवॅटमधलं पिकाच्या पाण्याचं गणित त्यावर उभं आहे. ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यात तक्ता आहे. चिकण जमीन एक मीटर खोलीत पिकाच्या कामाचं १२० ते २०० मिलिमीटर पाणी धरते, वाळूसारखी हलकी जमीन ५० ते ११०. त्यातलं सोयाबीनला सोयीनं उचलता येतं ते साधारण निम्मं.

माझं वावर: २०० धरले, मुळं एक मीटर, निम्मं म्हणजे १००. फुलोऱ्यातलं सोयाबीन रोज ५ मिलिमीटर पीत असेल तर २० दिवस.

अण्णांचं वावर: १०० धरले, मुळं दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. झाले ४५. निम्मं २२. रोज ५ नं ४ दिवस.

वीस अन् चार. एकाच पावसात, एकाच पिकाला, एकाच गावात. हा फरक सॉफ्टवेअरला माहीत होता. त्यात जमीन निवडायचा रकानाच आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांना माहीत होता. पुतणीला पण होता. तो फक्त माझ्या पोस्टमध्ये नव्हता, कारण मला ते सगळं माझ्या डोक्यातून आल्यासारखं दाखवायचं होतं. "क्रॉपवॅट, जमीन काळी खोल" एवढे चार शब्द लिहिले असते तर अण्णांनी, नाहीतर त्यांच्या पोरानं, विचारलं असतं, की आपली भरून बघ की.

आपल्यात असं समजतात की नाव देणं म्हणजे उपकार मानणं. लग्नपत्रिकेत "आपले नम्र" खाली सगळ्या भावकीची नावं टाकतो तसं. नाही दिलं तर फारतर मामा रुसतो. मला पण तेवढंच वाटायचं. पण सातबारावर नाव असतं ते रुसण्यासाठी असतं का? ही जमीन कुणाची, किती, कशी आली, फेरफार कधी झाला, हे उद्या कुणालाही तपासता यावं म्हणून असतं. आकड्याचं पण तसंच आहे.

फेरफारावरून आठवलं. पुतणीच्या शोधनिबंधाची गोष्ट. तिनं पण पॉवरचे आकडे वापरले होते अन् खाली लिहिलं होतं, "स्रोत : इंटरनेट". तिच्या मॅडमनी वही परत दिली. म्हणाल्या, "इंटरनेट म्हणजे काय, गाव आहे का? कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेला उतरवलं ते लिही." तिला वाटलं, मॅडम उगी छळतात. मग तिनं वाचलं तर खुद्द पॉवरवाल्यांची पण तीच विनंती आहे. वापरा, पैसे नको, पण लँगली केंद्राच्या पॉवर प्रकल्पातून घेतले असं लिहा, अन् आवृत्ती अन् तारीख टाका.

तारीख कशाला, ते मला वर्षभरानं कळलं. ऑगस्टमध्ये मी जुलैचा पाऊस उतरवला होता. पुढं डिसेंबरात परत उतरवला, तर काही दिवसांचे आकडे वेगळेच. मी पुतणीला फोन केला, "हे तर बदलतात! ह्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" ती म्हणाली, ताजे आकडे आधी घाईच्या हिशेबातून देतात, अन् काही महिन्यांनी मेर्रा-२ चा पक्का हिशेब झाला की ते बदलून टाकतात. ते त्यांनी लिहून पण ठेवलंय. म्हणजे कच्ची पट्टी अन् पक्की पट्टी. आडत दुकानात आपण काय करतो? कच्च्या पट्टीवर तारीख टाकतो. मग इथं का नको?

अजून एक सांगायचं राहिलं, ते पण माझ्याच चुकीचं. एकदा एक चित्र आलं होतं, २०५० साली मराठवाड्याचं तापमान किती असेल त्याचं. लाल भडक नकाशा. मी ते पुढं ढकललं. खूप शेअर झालं. मग यवतमाळच्या एका वाचकानं विचारलं, "काका, हे कुठल्या मॉडेलचं? अन् कुठला अंदाज धरून? धूर कमी झाला तर, का आहे असाच चालू राहिला तर?" मला प्रश्नच कळला नाही. पोस्ट काढून टाकली.

आता थोडं कळतं. पुढच्या हवामानाचे हे हिशेब जगातल्या पुष्कळ संस्था आपापल्या मॉडेलवर करतात अन् एका ठिकाणी मांडतात, त्याला सीएमआयपी म्हणतात. सध्या सहावी फेरी वापरात आहे. आयपीसीसीचा २०२१ चा मोठा अहवाल त्यावर आहे. अन् त्यात आपल्या पुण्याचं पण मॉडेल आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, आयआयटीएम-ईएसएम. भारतातून तिथं गेलेलं पहिलं. मला हे कळलं तेव्हा लई बरं वाटलं. अन् मग वाईट पण वाटलं, की तो लाल नकाशा पुण्याच्या मॉडेलचा होता का जपानच्या, हे मला कधीच कळणार नाही, कारण तो ज्यानं पहिल्यांदा ढकलला त्यानं नाव पुसलं होतं. जगातला धूर पुढं किती राहील याचे वेगवेगळे अंदाज धरून हे हिशेब करतात. एका अंदाजात २०५० नंतर चढ थांबत येतो, दुसऱ्यात चढतच राहतो. तो अंदाज कुठला ते लिहिलं नाही, तर तो आकडा म्हणजे बियाण्याची जात न सांगता एकरी उतारा सांगण्यासारखा.

(पुण्यात "शिमला ऑफिस" नावाचा बस स्टॉप आहे. एकदा कामाला गेलो होतो तर कंडक्टर ओरडला, शिमला ऑफिस! मला वाटलं कुल्लू-मनालीच्या तिकिटाचं दुकान असेल. तर ते हवामान खात्याचं ऑफिस निघालं. १९२८ ला खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, ते नाव तसंच चिकटलं. मुख्यालय पुढं १९४४ ला दिल्लीला गेलं. नाव तिथंच आहे. असो.)

युरोपवाल्यांचं कोपर्निकस म्हणून आहे, त्यांचे ईआरए-५ चे आकडे १९४० पासूनचे आहेत, अन् चौकट पॉवरपेक्षा बारीक, पाव अंशाची. त्यांची एक अट मला आवडली. तुम्ही त्यांच्या आकड्यात काही केलं, सरासरी काढली, महिन्याची बेरीज केली, तर "बदल करून वापरली" असं लिहा म्हणतात. अन् याच्या वापराला आम्ही जबाबदार नाही, हे पण. बरोबर आहे. रोजचे आकडे त्यांचे, जून-जुलैची बेरीज माझी. बेरीज चुकली तर शिव्या मला.

आता कुणी म्हणेल, एवढं फुकट देतात तर त्यांना नावाची हाव कशाला? हाव नाही हो. पेनमन नावाचा इंग्रज होता, त्यानं १९४८ साली बाष्पीभवनाचं सूत्र मांडलं. माँटीथनं १९६५ ला त्यात पानाचा हिशेब घातला. ही दोन्ही माणसं आता नाहीत. त्यांना माझ्या पेजवर नाव येऊन काय मिळणार? पण जी कामं आज चालू आहेत ती कुणाच्या तरी करावर, वर्गणीवर चालतात. नासाला अमेरिकन माणसाचा कर. एफएओला देशांची वर्गणी, त्यात भारत पण आला. उद्या कुणी विचारलं, की हे कोण वापरतं, बंद करून टाका, तर दाखवायला काही पाहिजे ना? जिंतूरच्या एका गोठ्यात वापरतात, हे त्यांना कळणार कसं?

अन् फुकट म्हणजे बेवारस नाही. एक कंपनी आमच्या भागात आली होती, नाव नको. वर्षाचे पैसे भरा, "आमच्या स्वतःच्या उपग्रहावरून" तुमच्या वावराचा पाऊस मोबाईलवर. मी डेमोमधले मागच्या साली जूनचे आकडे वहीत उतरवून घेतले अन् घरी येऊन पॉवरशी लावले. दशांश चिन्हापर्यंत तेच. विकायला मनाई नाही त्याला, नियमानं चालतं. पण "स्वतःचा उपग्रह"? अन् लोकांना काय सांगायला पाहिजे होतं? की बाबांनो, हा ५५ बाय ६५ किलोमीटरचा पाऊस आहे, तुमच्या वावराचा नाही. ते लपवायचं असेल तर नाव लपवावंच लागतं.

मी पण तेच करत होतो, फक्त पैसे घेत नव्हतो.

मग गेल्या खरिपापासून मी तक्त्याखाली काय लिहितो ते तुम्ही बघताच. एकदा इथं पूर्ण देतो, कुणाला उचलायचं असेल तर उचला, याच्याखाली माझं नाव नसलं तरी चालेल:

"पाऊस अन् तापमान : नासा लँगली केंद्र, पॉवर प्रकल्प, मेर्रा-२ वर आधारित, आवृत्ती अमुक, उतरवल्याची तारीख अमुक. ही चौकटीची सरासरी आहे, गावचं मोजमाप नाही. पाण्याचा हिशेब : एफएओ क्रॉपवॅट ८.०. जमीन : काळी, तीन फुटांच्या वर खोल. पीक सोयाबीन, पेरणी अमुक तारखेला. पुढचा पाऊस शून्य धरलाय. गोठ्याजवळचा पाऊस : माझं मापक, रोज सकाळी साडेआठला. बेरीज, चित्र अन् चुका : माझ्या."

एका वाचकानं लिहिलं, "काका, पोस्टपेक्षा शेपूट मोठं झालं." झालं खरं. ज्याला नको त्यानं शेपूट वाचू नये. पण ते कापून पुढं पाठवू नका, एवढी विनंती. स्क्रीनशॉट काढताना खालचा भाग येईल असा काढा. मला माहीत आहे, मोबाईलवर दोन स्क्रीनशॉट लागतात.

अण्णांकडं मी जूनमध्ये परत गेलो. म्हटलं, तुमच्या माळाचा वेगळा हिशेब करू. पुतणी आली होती. खड्डा अण्णांनीच खणला, कमरेएवढा. पुतणीनं माती ओली करून बोटात मळून बघितली, तिची वळी होते का तुटते ते. दीड फुटापर्यंत माती, त्यात पण खडे. खाली मुरूम, पहार लागत नव्हती. तिनं जमिनीचा आकडा तिच्या अंदाजानं धरला अन् "अंदाज" असंच लिहिलं. क्रॉपवॅटनं उत्तर दिलं, पाऊस थांबला की पाचव्या दिवशी ताण. अण्णा म्हणाले, "हे तर मी खड्डा न खणता सांगितलं असतं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, आता पाळी भावकीत भांडून घ्यायला कागद झाला." त्यांनी तो कागद खरंच बैठकीत दाखवला. फुलोऱ्यात त्यांना एक जादा पाळी मिळाली, हळद थोडी मागं ठेवून. उतारा किती आला ते ते स्वतः सांगतील तेव्हा सांगतील, मी नाही लिहिणार.

तक्त्याखाली मी लिहिलं, "जमीन : माळ, मुरूम दीड फुटावर, खड्डा अण्णांनी खणला." त्यांनी वाचलं अन् म्हणाले, पोरीचं नाव राहिलं, माती तिनं मळली. पुतणीनं नको म्हटलं, म्हणून "माती पुतणीनं तपासली" एवढं टाकलं.

दुकानदाराला काल फोन केला. चांगला बोलला बिचारा. त्याला कुणीतरी ग्रुपवर पाठवलेला, कुणाचा ते माहीत नव्हतं, म्हणून स्वतःचं नाव टाकलं. मी म्हटलं, माझं नाव राहू द्या, पण वरचं "आमच्या गावचा पाऊस" काढा, ती माझी चूक आहे. नवीन तक्ता पाठवलाय, शेपटासकट. तो म्हणाला, खालचं बारीक अक्षर छपाईला बसणार नाही, दोन ओळीत द्या. आज रात्री दोन ओळीत बसवतोय. नासा अन् चौकट एका ओळीत बसली, तारीख दुसऱ्या ओळीत. "जुलै" पण नीट केलंय. सोमवारी त्या बाजूला जायचंय तेव्हा भिंत बघून येतो.

मोटार बंद करायची वेळ झाली. राम राम.